डाव्या कोपऱ्यातला नववा गडी

आठ गड्यांनी नऊ जणांशी हुतुतू खेळायचं, नवव्याची जागा दर साली रिकामी ठेवायची आणि ती देवाची जागा आहे असं येईल-जाईल त्याला सांगायचं. असं करणाऱ्या गावाला तुम्ही भाविक म्हणाल की लबाड?

उत्तराची घाई करू नका. ते गाव माझंच आहे. मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली ते गेलं आणि त्यानंतर काही वर्षांनी मी जन्मलो. म्हणजे माझं गाव मी पाहिलं ते फक्त वैशाखात, पाणी उतरून गाळ उघडा पडल्यावर. आज मी सोपानदादाशी बोलायला बसलो आहे. तो या गावचा सगळ्यात मोठा खेळाडू, आणि तो आता नाही. तुम्ही बाजूला बसून ऐका. माझं शेवटी तुमच्याशीच काम आहे.

सोपानदादा, परवा तुझा तेरावा झाला. पंगतीत सगळे तुझ्या खेळाबद्दल बोलत होते. पुण्याच्या गिरणीनं पगार देऊन ठेवलेला गडी, पाच-पाच जणांना अंगावर ओढत मधल्या रेघेला हात लावणारा, वगैरे वगैरे. त्या एका चढाईबद्दल मात्र कुणी तोंड उघडेना. शेवटी माझ्या शेजारी बसलेला मारुंजीचा पाहुणा भातात आळं करता करता म्हणाला, "मेल्या मानसाबद्दल बोलू न्हाई, पन आमचा सामना खाल्ला त्यानं."

तुझी बहीण गोदाक्का लाडू वाढत होती. तिनं ऐकलं. त्याच्या पानात एकाच्या जागी दोन लाडू ठेवले आणि म्हणाली, "त्यानं सामना खाल्ला, तुमी लाडू खावा. हिशेब फिटला."

पंगत हसली. मलाही हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. कारण तुला तोच प्रश्न मीही विचारला होता. पाहुण्यानं निदान तू गेल्यावर विचारला. मी तू समोर असताना, तुझ्या डोळ्याला डोळा देऊन विचारला: दादा, तू दम मुद्दाम तोडलास का?

गेल्या वैशाखातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाणी खूप खाली गेलं होतं. भैरोबाच्या देवळाचं जोतं, त्याच्यापुढचं मैदान, त्याच्यापलीकडे घरांची जोती, सगळं उघडं पडलेलं. मेलेल्या आंब्यांचे काळे बुंधे, वाळलेलं शेवाळ, पायाखाली कुरकुरणारे शिंपले. पाखरू एक नाही. आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवी. सामना पाहायला आलेली माणसं मैदानाभोवती बसत नाहीत. जो तो आपापल्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसतो. धरणानंतर सूसला, चांद्याला जाऊन राहिलेले, वरच्या वाडीवरून उतरलेले, सगळे. बायका उंबऱ्यापुढे तांब्याभर पाणी शिंपडतात, आणि ते शिंपडेपर्यंत वाळतं. निम्म्या लोकांना तिथून मैदान दिसतसुद्धा नाही. मग निरोप जोत्या-जोत्यांवरून ओरडत जातात.

"तात्याऽ, तुमची गुरं माज्या परसात शिरल्यात बगा!" गोदाक्का ओरडली.

परस नव्हतं. गुरं नव्हती. आमचा संघ जमवणारे म्हादूतात्या आपल्या जोत्यावरून तितक्याच जोरात ओरडले, "शिरनारच! कुपाटी घाल म्हनून तुज्या बापाला सांगून थकलो मी!"

सगळं उघडं गाव हसलं. आणि ते हसणं समोरच्या डोंगरावर आपटून पाण्यावरून परत आलं तेव्हा हसणाऱ्यांपेक्षा जास्त माणसांचं वाटलं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. माझ्या वडिलांनी धरणाविरुद्धची जुनी पत्रकं पेटीत जपून ठेवली होती, त्यांच्यावर मी अक्षरं गिरवली. देव, भूत, अंगात येणं या सगळ्याचा मला तिटकारा. तरी मी त्या वेळी मागे वळून पाहिलं, हे खरं आहे.

सामना मारुंजीशी होता, आणि मारुंजीनं तुला सुपारी देऊन आणलं होतं. आपल्याच गावच्या गड्याला, आपल्याच गावाविरुद्ध, आपल्याच मैदानावर. तू गिरणीचा निळा बनियन घालून आखलेल्या रेघेच्या पलीकडे उभा राहिलास तेव्हा कुणी शिवी दिली नाही. तीही दिली असती तर बरं झालं असतं. गोदाक्का तेवढी तुमच्या जोत्यावरून उठून तोंड पाण्याकडे करून बसली.

मी तुला गाठून म्हणालो, "दादा, माणसानं किती विकावं?"

"पत्रकवाल्या," तू म्हणालास, "इकायला माज्याकडं येकच गोष्ट हाय. दम. त्यो बी आता थोडा राहिलाय. गिरनीनं संघातनं काडलं मला. कापूस पिंजायच्या खात्यात घातलंय. तितं श्वास घेतला का कापूस, सोडला का खोकला. तुजं म्हननं काय, फुकट खेळू?"

"निदान आमच्याविरुद्ध तरी नको."

"पैका घेतला म्हंजे ज्याचा घेतला त्याच्यासाठी खेळायचं. ह्याच्याम्होरं म्या दुसरं काय शिकलो न्हाई."

तेव्हा मला ते बोलणं निगरगट्ट वाटलं. आज वाटतं, त्या मैदानावर त्या दिवशी सगळ्यात सरळ माणूस तूच होतास.

खेळ सुरू झाला. आपले आठ, त्यांचे नऊ. आपला डावा कोपरा नेहमीसारखा मोकळा. तिथे सकाळीच शेंदूर लावलेला नारळ ठेवून उचलून घेतला होता, म्हणजे जागा देवाला दिली. समोरच्या संघानं चढाई करताना त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही, अशी जुनी बोली. आजवर सगळ्यांनी पाळली. खरं म्हणजे नऊ गड्यांसमोर आठांचा संघ टिकतो तो या बोलीमुळेच, हे मी तुला पूर्वी कितीदा सांगितलं होतं आणि तू दर वेळी विषय बदलला होतास.

शेवटची चढाई. आपले चार गडी शिल्लक, सगळे उजवीकडे दबा धरून. तू एक गडी मारून परत गेलास तर मारुंजी जिंकली. तू आमच्या अंगणात बाद झालास तर आम्ही जिंकलो. इतकं साधं होतं. तू रेघ ओलांडलीस. तुझा तो खालच्या पट्टीतला घुमारा सुरू झाला, हुतुतूतूतू. तू उजवीकडे हूल दिलीस, आमचे चौघे सरसावले, आणि तू डावीकडे वळलास. सरळ मोकळ्या कोपऱ्यात. तिथून आमच्या पाठीमागे येऊन एकाला टिपायचं, हे कुणालाही सुचलं असतं. कुणी केलं नव्हतं, एवढंच.

"आरं न्हाईऽ!" म्हादूतात्यांचा आवाज आला.

आणि तू थांबलास.

तू पडला नाहीस, अडखळला नाहीस. डावा पाय मागे ताणलेला, अंग पुढे झुकलेलं, दोन्ही हात रेघेच्या दिशेनं. पकडलेला गडी जसा ओढ घेतो तसा तू ओढ घेत होतास, आणि तुझ्या आसपास दहा हातांत कुणीही नव्हतं. आमचे चौघे जिथल्या तिथे उभे. ऊन इतकं होतं की तुझी सावलीसुद्धा तुझ्या पायातच होती. दम चालू होता. तू मान वळवून आपल्या घोट्याकडे पाहिलंस. मी तुझा चेहरा पाहिला. भीती नव्हती. रस्त्यात जुना ओळखीचा माणूस भेटल्यावर नाव आठवेपर्यंत जसा चेहरा होतो, तसा होता.

मग दम तुटला. पंचांनी हात वर केला. अंगणात दम तुटला म्हणजे बाद, त्यात वाद नाही.

पण दादा, हे मी तुला कधी बोललो नाही. तू तोंड मिटलंस, छाती धरून खाली बसलास, तरी तो घुमारा चालूच होता. पाण्याकडून येत होता. प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. धरणाची भिंत, डोंगर, पाणी, आवाज उशिरा परत येतो, शाळेत शिकलोय. मी ऐकत राहिलो. तो दम तुझ्यापेक्षा लांब होता. तो श्वास न तुटता संपला, जसा गडी आपल्या अंगणात सुखरूप पोचल्यावर संपवतो.

मारुंजीचे गडी तुझ्यावर धावून गेले. "घरच्यांसाठी तोडला रं दम! लाज न्हाई वाटत?" आमची माणसं नाचायलाही विसरली. मी मात्र सरळ त्या कोपऱ्यात गेलो. मला चिखल सापडायला हवा होता. रुतलेल्या पावलाचा खळगा सापडला की झालं, सगळं स्पष्ट होतं. जमीन कौलासारखी भाजलेली होती. अंगठा दाबला तरी खूण उठेना.

देवळाच्या जोत्याआड तू पाय पसरून बसला होतास तेव्हा मी तो प्रश्न विचारला. तू धोतर वर करून डावा घोटा दाखवलास. आतल्या बाजूनं चार वळ आणि बाहेरून एक. हात खालून, उताणा घालून धरल्यासारखे.

"असं कोन धरतं?" तू विचारलंस.

"कुणी नाही. पायाला गोळा आला असेल. शीर आखडली असेल."

"खेकडं, मासं दगडाखालनं काडनारं असं धरत्यात. पंजा उलटा घालून. आन् असा गडी येकच व्हता ह्या मैदानावर."

मग तू मला चिंधूची गोष्ट सांगितलीस. तीस वर्षं पोटात ठेवलेली. चिंधू कातकरी, डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्तीतला. नदीत हातानं मासे धरणारा. गाव जिवंत असताना डाव्या कोपऱ्यावर तो उभा राहायचा, कारण त्याच्या पकडीतून पाय सुटत नसे. खेळ संपला की तो बाजूला बसायचा, त्याला पाणी वरून ओतायचे, हेही तू सांगितलंस, माझ्याकडे न बघता. साखळीत त्याचा हात धरायचा, तो मैदानापुरता.

धरण आलं. ज्यांच्या नावावर जमिनी त्यांना काहीबाही मिळालं. कातकऱ्यांच्या नावावर काय असणार? गाड्या भरून गाव निघालं. चिंधूनं बायको-पोरं डोंगरात पाठवली आणि स्वतः खाली राहिला. "नदी माज्या वळखीची हाय," म्हणाला. तू तेव्हा लहान, गाडीत भांड्यांवर बसलेला. तुझ्या वडिलांनी त्याला म्हटलं, आमी दोन दिसानं परत येतू, तवा तुला नेतू. कुणी परत गेलं नाही. पाणी चढलं.

"म्होरं पयल्यांदा पानी उतरलं," तू म्हणालास, "तवा लोकं आली खेळायला. जो तो आपापल्या जागी उभा राहिला. डावा कोपरा मोकळा. समद्यांनी बगितलं. येक शबुद कुनी बोललं न्हाई. तसंच खेळली. दुसऱ्या साली बी तसंच. मंग कुन्या परगावच्यानं इचारलं, आट का रं? तर माजा बा म्हनला, ती देवाची जागा हाय."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. आठवतं ना? मी तिथेच उभा राहून म्हणालो, "मी पत्रक काढतो. उद्याच. सगळ्या गावाचं बिंग फोडतो."

तू हसलास, आणि हसता हसता खोकलास. बराच वेळ. मग म्हणालास, "काड. लोकं वाचतील, त्यात भजी बांधतील. पत्रकानं त्या कोपऱ्यात मानूस उभा व्हत न्हाई रं. हाताला धरून आनावा लागतो."

"मग आण तू!"

"आननार. त्याचा धाकटा ल्योक हाय, लखमा. वरच्या कातकरी वस्तीत. हाताला बापाचा गुन हाय त्याच्या. येत्या वैशाखात म्या आपल्या गावाकडनं खेळनार, आन् लखमा कोपऱ्यात. त्याचा हात म्या धरनार. बगू कोन उटून जातंय."

आपलं भांडण इथे मिटायला हवं होतं, मिटलं नाही. चिंधूची गोष्ट मला पटली, घोट्याची पटली नाही. दिवाळीत तुझ्या खोलीवर आलो तेव्हाही मी तेच घेऊन बसलो. तू उशाला पाठ टेकून बसला होतास, एका वाक्याला दोनदा थांबत होतास. ज्या गिरणीनं तुला दमासाठी ठेवलं तिनंच तो दम कापसानं भरून परत दिला. त्याबद्दल लिहायला हवं, आणि मी लिहीन. पण त्या दिवशी मी ते सोडून वाद काय घातला, तर वळ कशाचे. "दादा, तुला त्या कोपऱ्यात जाताना मनात खात होतं. मन पायाला अडवतं. याला शास्त्र आहे."

"आसंल," तू म्हणालास. उशी सारखी करत म्हणालास, "पन मन उलटा पंजा घालतं व्हय?"

मग विषय बदलून तू मला दम घ्यायला शिकवू लागलास. पोटातून घ्यायचा, खांदे हलू द्यायचे नाहीत, आणि शेवटचा थोडा दम परतीसाठी राखून ठेवायचा. स्वतःला दोन पावलं चालवत नव्हतं, आणि मला शिकवत होतास. मी कंटाळून ऐकलं. आता रोज सकाळी करतो. तुझे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

तू गेलास त्या दिवशी तुला आंघोळ घालायला मी होतो. मी घोटा पाहिला. वळ होते. चार आणि एक, निळे पडलेले. आजारी माणसाला सूज येते, रक्त साकळतं, सगळी कारणं मला माहीत आहेत आणि मी ती अजूनही खरी मानतो. मी भूत मानत नाही, दादा. पण हल्ली ओढ्यात पाय धुताना डावा पाय मी फार वेळ पाण्यात ठेवत नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, मी म्हादूतात्यांपुढे विषय काढला. म्हटलं, सोपानदादाचा शब्द होता, यंदा कोपऱ्यात लखमा उभा राहील. तात्या सुपारी कातरत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही की चिंधू कोण असंही विचारलं नाही. इतकंच म्हणाले, "देवाच्या जागंत मानूस उभा केला तर आमचं आटी गडी मैदानाबाहीर. मंग खेळा तुमी आन् तुमचा लखमा."

गोदाक्का दारात होती. म्हणाली, "तात्या, चिंधू पानी मागायचा तवा तुमीच वरनं वतायचा नव्हं?"

तात्या उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या वस्तीत गेलो. लखमा कोळशाची भट्टी झाकत होता. तू त्याच्याकडे आधीच जाऊन आला होतास, हे मला तिथे कळलं. खोकत खोकत ती चढण चढलास, आणि मला सांगितलंही नाहीस. तुझं मरण त्याला कळलं होतं. मी विचारलं, यंदा येशील का? त्यानं हात पुसले. त्याचे पंजे मी पाहिले, आणि पाहिलंय हे त्याला दिसू नये म्हणून भट्टीकडे बघत राहिलो.

"उबा ऱ्हाईन," तो म्हणाला. "पन मला कुनी देव म्हनायचं न्हाई. आन् सोपानदादा नसला तर माजा हात कोन धरनार, त्येवढं सांग."

त्याला मी काय सांगितलं ते तुला सांगतो: मी धरणार. मला खेळ येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पहिल्याच चढाईत बाद होईन. तरी कोपऱ्याशेजारी मी उभा राहणार.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी. सूसमध्ये, चांद्यात, मारुंजीत, पुण्याच्या चाळींत पांगलेल्या आमच्या गावच्या लोकांनो, आणि ज्यांचा या गावाशी काही संबंध नाही अशांनो. वैशाखात पाणी उतरेल. गाळ वाळला की सामना होईल, आमच्याकडून लखमा आणि मी असे दोघं आहोत. सात गडी हवेत. वय, जात, गाव विचारणार नाही. खेळ येत नसला तरी चालेल. साखळी करताना शेजारच्याचा हात धरायचा आणि खेळ संपल्यावर त्याच तांब्यानं पाणी प्यायचं, एवढं येत असेल तर या. वरच्या वाडीत येऊन गोदाक्काचं घर विचारा. ती नावं घेते आहे.